जीपमध्ये वायरलेस सेट : कोणता घ्यावा, कसा बसवावा? (गोव्यातल्या रानवाटांसाठी)

सत्तरीकर

नमस्कार मंडळी,

आमच्या गटात एक जुनी जिप्सी, दोन थार, एक गुरखा आणि आता नव्याने आलेली जिम्नी आहे. फिरणं बहुतेक सत्तरी आणि सांगे तालुक्यात. अभयारण्याची हद्द लागते तिथे वन खात्याची परवानगी काढून, नाहीतर ओळखीच्या बागायतदारांच्या काजूच्या जमिनीतून. केरी सोडून चोर्ल्याच्या अंगाने वर चढलं की मोबाईलचा भरवसा नाही. नेत्रावळीत आत गेलं की तेच. पुढची गाडी वळणापलीकडे रुतली तर मागच्यांना कळायला कोणीतरी उतरून चालत यावं लागतं. जुलैच्या पावसात ओढा वाढत असताना एवढा वेळ घालवणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून सगळ्या गाड्यांत वायरलेस सेट घ्यायचं ठरवलंय. पण नेटवर वाचायला मिळतं ते अमेरिकेतलं किंवा ऑस्ट्रेलियातलं. तिथले बँड वेगळे, कायदे वेगळे. आपल्याकडे काय चालतं, अंतर किती मिळतं आणि गाडीत ते नीट कसं बसवायचं, हे ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहावं. जिम्नी वॉरंटीत आहे, तिची मूळ वायरिंग कापायची नाही एवढी एक अट.

काजूबोंडू

दादा, एवढा विचार कशाला? ऑनलाइन चायनीज हँडसेट मिळतात, जोडी स्वस्तात पडते, पाच वॉटचे असतात. हवी ती फ्रीक्वेन्सी टाका आणि बोला. माझ्या ओळखीत बऱ्याच जणांकडे आहेत.

फोंड्याचा_हॅम

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून लांब लिहितो.

काजूबोंडू, तुझा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला कोणी घेऊ नये असं मी कळकळीने सांगेन. हे हँडसेट साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या सगळ्या पट्ट्यात बोलतात. त्या पट्ट्यात पोलीस आहेत, अग्निशमन दल आहे, जहाजं आहेत, परवान्याचे पैसे भरून बसलेल्या कंपन्या आहेत. आपण सहज टाकलेला आकडा कोणाचा तरी असतोच. शिवाय आपल्याकडे फक्त बोलण्याला नव्हे, परवान्याशिवाय असा सेट बाळगण्यालाही मनाई आहे. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ, मुरगावला बंदर, आणि सगळी किनारपट्टी. इथे या गोष्टीकडे कानाडोळा होत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वंच काढली, ती याच बेकायदा वॉकीटॉकींमुळे.

परवान्याशिवाय चालणारे दोन पर्याय आपल्यासाठी उपयोगाचे आहेत.

पहिला सिटिझन बँड, म्हणजे सीबी. भारतात २००५ पासून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॉटपर्यंत परवानामुक्त आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बाजारातला सीबी सेट ४० चॅनलचा असतो आणि त्याचे चॅनल २७.४०५ पर्यंत जातात. आपला पट्टा २७.२८३ ला संपतो. चॅनल २७ येतो २७.२७५ वर, तो आत. चॅनल २८ येतो २७.२८५ वर, तो बाहेर. म्हणजे आपल्याला पहिले २७ चॅनलच वापरता येतात. काही युरोपीय सेटमध्ये देशानुसार बँड निवडायची सोय असते, त्यात भारताची २७ चॅनलची सेटिंगही असते. असा सेट मिळाला तर उत्तम, कारण चुकून कोणी वरच्या चॅनलवर जाऊच शकत नाही.

दुसरा पीएमआर ४४६. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, अर्धा वॉट, अँटेना सेटलाच पक्की जोडलेली. हा आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी मोकळा झाला. १२.५ किलोहर्ट्झच्या अंतराने १६ चॅनल बसतात.

दोन्ही बाबतीत परवाना लागत नसला तरी सेटच्या मॉडेलला ईटीए, म्हणजे दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मंजुरी, लागते. विक्रेत्याकडून तो नंबर मागून घ्या आणि मॉडेल तेच आहे का ते ताडून पाहा. गाडीवर बाहेर अँटेना लावायची असेल तर सेट कोणत्या अँटेनासह मंजूर आहे तेही त्यात पाहायचं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की दुसरं दुकान गाठा. परदेशातून येणाऱ्या मित्राच्या बॅगेतून सेट मागवणं तर अजिबात नको.

मालीमकर

आमच्या ट्रॉलरवर व्हीएचएफ सेट असतो, २५ वॉटचा, पाण्याला दाद न देणारा. तोच १२ व्होल्टवर जीपमध्ये बसवला तर? समुद्रात लांबपर्यंत ऐकू येतो.

फोंड्याचा_हॅम

नाही मालीमकर, तो सेट होडीवरच शोभतो. मरीन व्हीएचएफचा पट्टा जहाजं आणि होड्यांसाठी राखलेला आहे, जमिनीवरच्या गाडीतून त्यावर बोलता येत नाही. आणि कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: चॅनल १६ वर, १५६.८ मेगाहर्ट्झला, बुडणाऱ्या माणसाची हाक येते. घाटमाथ्यावरून आमची जीपवाल्यांची बडबड त्याच्यावर पडली आणि कोणाची हाक दबली तर?

समुद्रात अंतर मिळतं त्याचं कारणही तेच सांगतं की जंगलात ते मिळणार नाही. पाण्यावर मध्ये आडवं काही नसतं. सत्तरीत दर अर्ध्या किलोमीटरला एक टेकडी आहे.

जाता जाता, कोणी सॅटेलाइट मेसेंजरचं नाव काढायच्या आधीच लिहितो. परवानगीशिवाय ती यंत्रं भारतात बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटूला असं एक यंत्र सापडल्यामुळे ताब्यात घेतलं होतं. पाहुणे बाहेरून येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

सत्तरीकर

फारच उपयोगी माहिती, आभार. मग सीबी की पीएमआर? आमच्या गाड्या एकामागे एक असतात. पण चढणीवर अंतर ठेवावं लागतं, तेव्हा पहिली आणि शेवटची यांच्यात सहज किलोमीटर पडतो.

फोंड्याचा_हॅम

दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

सीबीची लहर साधारण ११ मीटर लांब. पानं, फांद्या, बांबूची बेटं तिला फारशी अडवत नाहीत, आणि लहान उंचवट्यामागेही ती थोडी वळून पोचते. दाट रानात हा मोठा फायदा. तोटा असा की पूर्ण पाव-लहर, म्हणजे लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, अँटेना करायची तर पावणेतीन मीटर उंच होईल. म्हणून आत वेटोळं घातलेली आखूड अँटेना वापरतात, आणि अँटेना जितकी आखूड तितका जोर कमी. शिवाय २७ मेगाहर्ट्झवर गाडीची स्वतःची खरखर भरपूर येते. सूर्यावर डाग जास्त असण्याच्या काळात तर दूरदेशीचे आवाजही येऊन पडतात. सध्याचं सौरचक्र नुकतंच शिखरावर होतं, तेव्हा दुपारी परकी भाषा ऐकू आली तर घाबरू नका, चॅनल बदला.

पीएमआरची लहर दोन हातांत मावेल एवढी, सुमारे ६७ सेंटिमीटर. अँटेना बोटभर, आवाज स्वच्छ. पण ओली पानं ही लहर शोषतात, आणि अर्धा वॉट म्हणजे अर्धाच वॉट. बंद लोखंडी गाडीच्या आत बसून बोललात तर त्यातलाही बराचसा आतच अडकतो. खोक्यावर आठ-दहा किलोमीटर लिहिलेलं असतं, ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर. पावसातल्या रानात मी काहीशे मीटरच धरून चालतो आणि जास्त मिळालं तर आनंद मानतो.

सत्तरीकर, तुमच्यासाठी माझं मत: प्रत्येक गाडीत एक पीएमआर हँडसेट असलाच पाहिजे, कारण विंच लावताना किंवा ओढ्यात उतरून वाट दाखवताना जो माणूस बाहेर उभा असतो त्याच्या हातात तोच लागतो. त्यावर, गाडी ते गाडी अंतरासाठी, सगळ्यांत सीबी बसवा. एकच निवडायचा असेल तर आधी पीएमआर. आणि कोणताही घेतलात तरी लक्ष वॉटवर नको, अँटेनावर द्या. काच काजळलेली असेल तर वात वाढवून कंदिलाचा उजेड वाढत नाही, धूरच वाढतो.

वायरमन_डिचोली

हॅमबाब, शेवटचं वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवतो. आता बसवण्याचं मी सांगतो, रोजचं कामच ते.

करंट सरळ बॅटरीवरून घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून सीबी चालतो, तो दोन-एक अँपिअरच ओढतो, पण सॉकेट खड्ड्यात हलतो आणि बाकी सगळ्या उपकरणांची खरखर तीच वायर घेऊन येते. लाल वायरला फ्यूज पाहिजे, आणि तो बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात. सेटजवळचा फ्यूज सेटला वाचवतो, बॅटरीजवळचा फ्यूज गाडीला वाचवतो. वायर मध्ये कुठे पत्र्याला घासून उघडी पडली आणि फ्यूज फक्त आत असेल तर सगळी वायर पेटते. सीबीला ३ ते ५ अँपिअरचा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर भरपूर झाली. हॅमचा, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा, ५० वॉटचा सेट असेल तर तो बोलताना दहा-बारा अँपिअर घेतो, त्याला जाड वायर.

काळी वायर: जुन्या जिप्सीत सरळ बॅटरीच्या निगेटिव्हवर गेलात तरी चालेल. नवीन गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीतून किती करंट गेला ते मोजतो. त्याच्या बॅटरीकडच्या बाजूला वायर जोडली की त्याचा हिशेब चुकतो. अशा गाडीत कंपनीने दिलेला बॉडी अर्थचा बोल्ट शोधा आणि तिथे वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची कडी, दाबून बसवा. जिम्नीवाल्यांनी आधी टर्मिनल बघून घ्या.

बॉनेटमधून आत येताना फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, नवीन भोक पाडायची गरज सहसा पडत नाही. भोकात बसवलेला एखादा रबरी ग्रोमेट असतोच, त्यातून वायर घ्या. वायरवर जाळीची स्लीव्ह चढवा. स्टिअरिंगचा दांडा, पेडल आणि एअरबॅगची पिवळी वायर यांच्यापासून लांब राहा. डॅशबोर्डवर एअरबॅग उघडते त्या जागी सेट किंवा माइकचा हुक कधीच नको. गिअरजवळ किंवा डोक्यावरच्या पट्टीला बसवा. आणि स्क्रू आवळायच्या आधी त्या जागी बसून, पट्टा लावून हात पोचतो का बघा.

हे सगळं स्वतंत्र वायरिंग आहे. मूळ हार्नेसला कुठेच हात लागत नाही, तेव्हा वॉरंटीचीही चिंता बरीच कमी.

थारप्रेमी_म्हापसा

वायरमनदादा, माझी २०२० नंतरची थार आहे, हार्डटॉप. चुंबकाची अँटेना घेऊन आलो तर ती टपाला चिकटतच नाही!

वायरमन_डिचोली

चिकटणार नाही. ते टप लोखंडी नाही, कॉम्पोझिटचं आहे. जिप्सीच्या कापडी टपाचंही तेच. आणि चिकटण्यापेक्षा मोठी अडचण वेगळी: अँटेनाच्या खाली लोखंडी पत्रा लागतो, तो तिचा दुसरा अर्धा भाग असतो. नुसत्या फायबरवर उभी केलेली अँटेना अर्धीच असते. थारला बॉनेटच्या कडेला, बिजागरीजवळ, लोखंडी ब्रॅकेट लावून अँटेना बसवा. ब्रॅकेट जिथे बॉडीला टेकतं तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा, बोल्ट आवळा, मग वरून गंजरोधक लावा. रंगावरच ब्रॅकेट आवळलं तर अर्थ मिळत नाही. बॉनेटलाच लावणार असाल तर बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी जोडा, बिजागरीवर विसंबू नका.

जिम्नीचं टप लोखंडी आहे, तिथे चुंबक चालेल. पण रानात फांदी लागली की पडेल, आणि खाली माती अडकून रंग घासला जाईल. पक्की बसवलेलीच बरी. तळाला स्प्रिंग पाहिजे. काजूच्या फांद्या खाली लोंबतात, बांबू तर आडवाच येतो, स्प्रिंग नसेल तर अँटेना नाहीतर पत्रा, दोन्हीतलं एक वाकणार.

जिप्सीवाला_वाळपई

माझ्या जिप्सीत इंजिन चालू केलं की सीबीमध्ये टकटक सुरू होते, ॲक्सिलरेटर दाबला की वेग वाढतो. बंद केलं की शांत. दुसऱ्या गाडीचं काहीच ऐकू येत नाही. सेट खराब समजायचा का?

वायरमन_डिचोली

सेट चांगला आहे. टकटक म्हणजे स्पार्क. पेट्रोल गाडी आहे, जुन्या प्लग-वायरी आहेत. रेझिस्टर असलेले स्पार्क प्लग आणि नवीन प्लग-वायरी घाला, निम्मा त्रास तिथेच संपेल. मग इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी तपासा, वाळपईच्या पावसात ती गंजून तुटलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

टकटक न होता शिटीसारखा आवाज इंजिनच्या वेगाबरोबर चढत असेल तर तो अल्टरनेटर. हा डिझेल गाड्यांतही येतो. बॅटरीवरून सरळ वायर घेतली की बहुतेक वेळा जातो, नाही गेला तर सेटच्या वायरीत फिल्टर घाला.

आणि इंजिन बंद असतानाही सतत खरखर असेल तर एकेक उपकरण बंद करून बघा. स्वस्त मोबाईल चार्जर, डॅशकॅम, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे टपावरची एलईडी पट्टी. अँटेना तिच्या शेजारीच उभी केली की रात्री दिवे लावल्याबरोबर वायरलेस बहिरा होतो. अँटेना दिव्यांपासून लांब ठेवा, दिव्यांच्या वायरीवर फेराइटचे मणी चढवा.

फोंड्याचा_हॅम

याला जोडून: सेटमध्ये एएम आणि एफएम दोन्ही असतील आणि सगळ्यांकडे तीच सोय असेल तर सगळ्यांनी एफएम ठेवा. स्पार्कची टकटक एफएममध्ये बरीच दबते. एक गाडी एएमवर आणि बाकीच्या एफएमवर असं मात्र व्हायला नको, बोलणं कळणार नाही.

चोर्लावाली

मी बेळगावहून घाट उतरून येते, गटात शेवटची गाडी बहुतेक माझी असते. सेट आणि अँटेनाबद्दल इथे छान लिहिलंय, मला बोलण्याच्या शिस्तीबद्दल लिहायचंय, कारण चांगले सेट असूनही गोंधळ होताना मी पाहते.

बटण दाबल्या दाबल्या बोलू नका. क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्दच जातो. 'थांबू नका, या' यातलं 'थांबू' गेलं तर हाती येतं 'नका, या', आणि ऐकणारा थांबतो की येतो हे त्याच्या नशिबावर. म्हणून ओढ्याजवळ आम्ही दोनच ठरलेले शब्द वापरतो, 'उभं' आणि 'चल', आणि ऐकणाऱ्याने ते परत उच्चारायचे. परत उच्चारले नाहीत तर पोचले नाहीत असं धरायचं.

आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं. गाड्यांना नावं ठेवण्यापेक्षा क्रम बरा: एक, दोन, तीन, आणि शेवटची ती 'शेवट'. एकने अडथळा सांगितला की दोन तो तीनला सांगते, अशी साखळी शेवटपर्यंत. 'शेवट'ने ऐकलं असं सांगितल्याशिवाय एकने पुढे जायचं नाही. साखळीचा दुसरा फायदा असा की पहिल्या आणि शेवटच्या गाडीमध्ये टेकडी आली तरी मधल्या गाडीच्या तोंडून निरोप जातो. वाट दरीत उतरत असेल तर एक गाडी मुद्दाम माथ्यावर थांबवायची, खाली गेलेल्यांचा आणि मागे असलेल्यांचा दुवा म्हणून.

डांबरी रस्त्यावर आल्यावर चालकाने हँडसेट हातात धरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायची संपर्क-यंत्रं वापरणं हे धोकादायक चालवण्यात येतं. शेजारी बसलेल्याने बोलावं. रानातही तेच बरं, चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात.

अजून एक. हा वायरलेस १०८ ला किंवा ११२ ला लागत नाही. कोणी जखमी झालं तर एका गाडीला बाहेर नेटवर्कमध्ये जावंच लागतं. ती गाडी कोणती आणि शेवटचं नेटवर्क कुठे होतं, हे आत शिरायच्या आधी ठरवून ठेवा. रेंज गेली त्या वळणाची खूण शेवटच्या गाडीने लिहून ठेवायची, ही आमच्याकडे पद्धतच आहे.

सत्तरीकर

ताई, हे सगळं छापून प्रत्येक गाडीत लावतो. 'उभं' आणि 'चल' फारच आवडलं.

कॉलेजकट्टा_मडगाव

माझा प्रश्न थोडा वेगळा. हॅमचा परवाना मिळाला तर व्हीएचएफवर जास्त पॉवरने बोलता येईल ना? परीक्षा अवघड असते का? मी विज्ञान शाखेत आहे, बाबांबरोबर जीपमधून जातो.

फोंड्याचा_हॅम

बाळा, तू हे विचारलंस याचा खरंच आनंद झाला. अवश्य कर. वयाची अट बारा वर्षांची, म्हणजे तुझ्या धाकट्या भावंडांनाही बसता येईल. दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हीला लेखी परीक्षा: एक भाग रेडिओचं तंत्र, दुसरा भाग नियम. जनरलला त्यावर मोर्सची चाचणी, मिनिटाला आठ शब्दांची. अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवरून. बारावीचं भौतिकशास्त्र नीट केलेल्या मुलाला तंत्राचा भाग जड जाऊ नये, नियम मात्र पाठ करावे लागतात.

मिळाल्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला होतो. रानात तो सुंदर चालतो. पाव-लहर अँटेना अर्ध्या मीटरची, टपावर सहज मावते, आणि पानांचा त्रास पीएमआरपेक्षा कमी.

पण जीपच्या गटासाठी एक अडचण समजून घे. तुला परवाना मिळाला म्हणजे गटाला मिळाला असं नाही. त्या पट्ट्यावर बोलणारा प्रत्येक जण परवानाधारक हवा, आणि प्रत्येकाने आपली सांकेतिक खूण उच्चारायला हवी. बाबांच्या हाती माइक द्यायचा तर बाबांनीही परीक्षा द्यावी. धंद्याच्या कामासाठी तो वापरता येत नाही, म्हणजे पर्यटक घेऊन जाणाऱ्या जीपवाल्यांना तो रस्ता बंदच, त्यांनी व्यावसायिक परवाना काढावा किंवा मोकळ्या बँडवर राहावं. माझी इच्छा विचारशील तर गटातल्या सगळ्यांनी मिळून परीक्षा द्यावी. पूर आला, मोबाईलचे मनोरे बंद पडले, की गावाला उपयोगी पडणारी माणसं हीच असतात.

कॉलेजकट्टा_मडगाव

बाबा म्हणतात बसू दोघेही. वाचनखूण साठवली.

वायरमन_डिचोली

पावसाचं राहिलं, ते सांगतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि किनाऱ्याकडे खारी हवा. अँटेनाच्या केबलचा पीएल-२५९ जोड पाण्याला अजिबात रोखत नाही. पाणी जोडातून शिरतं आणि केबलच्या जाळीतून आतपर्यंत झिरपत जातं. वरून काही दिसत नाही, अंतर मात्र कमी कमी होत जातं. जोडावर आधी स्वतःला चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे थर कौलासारखे एकावर एक येतात. वरून साधा विजेचा टेप, उन्हापासून रक्षणाला. केबल आत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल. दरवाजाच्या फटीत केबल चेपू देऊ नका. चेपलेली आरजी-५८ केबल बाहेरून धड दिसते आणि आतून गेलेली असते. पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर, दोनदा, जोड उघडून बघा. हिरवट झालेला जोड साफ करत बसू नका, कापून नवीन लावा.

समुद्राच्या वाळूवर गाडी घालणाऱ्यांनी मला गंजाबद्दल विचारू नये. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे, आणि तेच योग्य आहे.

सत्तरीकर

दोन्ही थार आणि गुरखाचं काम झालं. सेट ईटीए पाहूनच घेतले. वायरमनदादांनी सांगितल्याप्रमाणे बॅटरीवरून वायर, जवळ फ्यूज, बॉनेटच्या कडेला ब्रॅकेट. हँडसेटही आले. आता एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा, लावून पाहिला. पहिल्या थारला चॅनल १ वर १.६, मध्ये १.९, चॅनल २७ वर २.३ दाखवतो. दुसऱ्या थारला सगळीकडे तीनच्या वर. गुरखा १.३ ते १.५. अँटेना तिन्ही सारख्याच. सेट चालू ठेवू का?

फोंड्याचा_हॅम

गुरखा उत्तम, तिला हात लावू नका. दुसऱ्या थारमध्ये बोलायचं बटण दाबू नका. तीनला पाठवलेल्या शक्तीतला चौथा हिस्सा परत सेटमध्ये येतो, बराच वेळ असं चाललं तर आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

पहिल्या थारमध्ये वरच्या चॅनलवर आकडा मोठा आहे, म्हणजे अँटेना लांब आहे. टोकाचा दांडा थोडा आत सरकवा, काही मिलिमीटरच, आणि पुन्हा मोजा. उलट असतं, चॅनल १ वर मोठा, तर बाहेर सरकवावा लागला असता. सरकवायची सोय संपेपर्यंत कापायचं नाही. मोजताना गाडी मोकळ्या मैदानात, बॉनेट आणि दारं बंद, आणि अँटेनाजवळ कोणी उभं नको. शेडच्या पत्र्याखाली घेतलेला आकडा निरुपयोगी.

वायरमन_डिचोली

दुसऱ्या थारला लांबी-रुंदीचा प्रश्न नाही. सगळ्या चॅनलवर सारखाच वाईट आकडा म्हणजे अर्थ नाही, किंवा केबलमध्ये शॉर्ट आहे. केबल सेटमधून आणि अँटेनामधून काढा, मल्टिमीटरने मधली तार आणि जाळी यांच्यात बघा, काही दाखवता कामा नये. दाखवलं तर जोड चुकीचा सोल्डर झालाय. केबल ठीक असेल तर ब्रॅकेटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा, शून्याच्या जवळ यायला हवं. नाही आलं तर ब्रॅकेटखालचा रंग पूर्ण गेलेला नाही, पुन्हा खरवडा.

आणि सत्तरीकर, अँटेनाच्या बुडाशी एक प्लास्टिकचा वॉशर येतो, तो ब्रॅकेट आणि मधल्या बोल्टच्या मध्ये हवा. दोन थार एकाच दिवशी केल्यात तर तो एकीकडे उलटा बसलेला असण्याची शक्यता आधी बघा. नाही जमलं तर शनिवारी दुपारनंतर गाडी डिचोलीला घेऊन या, मीटर माझ्याकडे आहे.